घरोघरचें इंटरनेट : निवड कोणाची, जबाबदारी कोणाची ?

इ. स. २०२० च्या ऑगस्ट महिन्यांत एक छायाचित्र अमेरिकेंत घरोघर पाहिलें गेलें. कॅलिफोर्निया राज्यांतील सॅलिनास शहरीं एका उपाहारगृहाच्या बाहेर, फरशीवर, दोन शाळकरी मुली संगणक घेऊन बसल्या आहेत, एवढाच त्याचा विषय. करोनाच्या साथीमुळें शाळा बंद होत्या, वर्ग इंटरनेटवरून भरत होते, आणि त्या उपाहारगृहाची बिनतारी जोडणी भिंतीबाहेर जेवढी पोहोंचत होती तेवढीच त्या मुलींची शाळा होती. ज्या भूमींतून संगणकयुगाच्या अनेक बलाढ्य कंपन्या उदयास आल्या, ती सिलिकॉन व्हॅली सॅलिनासपासून मोटारीनें तासा-दीडतासाच्या वाटेवर आहे. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच. परंतु केवळ हळहळून हा अंधार नाहींसा होणार नाहीं. तो कोठून आला, हें शोधलें पाहिजे.

गृहिणी मंडईंत गेली आणि एका गाळ्यावरील भाव तिला पटला नाहीं, तर ती दुसऱ्या गाळ्याकडे वळते. दुसरा गाळा आहे, एवढ्यानेंच पहिल्या गाळ्यावरचा विक्रेता भाव सांभाळून बोलतो. इंटरनेटच्या जोडणीची गोष्ट निराळी आहे. ती भाजीप्रमाणें टोपलींतून येत नाहीं; ती तारेनें येते, आणि तार घालावयाची म्हणजे रस्ते खणावे लागतात, खांबांवर जागा मिळवावी लागते, घरोघर माणसें पाठवावी लागतात. हा सारा खर्च पहिला ग्राहक मिळण्यापूर्वींच करावा लागतो. एकदां तार पडली, कीं पुढील प्रत्येक ग्राहक जोडण्यास त्या मानानें थोडाच खर्च येतो. अशा स्थितींत दुसऱ्या कंपनीनें त्याच गल्लींत यावयाचें ठरविलें, तर तिला खर्च तेवढाच आणि ग्राहक मात्र अर्धे. म्हणून ती बहुधा येतच नाहीं. अर्थशास्त्रांत यास नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. पाण्याचे नळ, विजेच्या तारा आणि आगगाडीचे रूळ यांच्या बाबतींत हा अनुभव जगानें पूर्वींच घेतलेला आहे.

अमेरिकेंत इंटरनेट घरांत शिरलें तें दोन जुन्या तारांवरून. एक टेलिफोनची तांब्याची तार, ती बोलण्यासाठीं घातलेली. आणि दुसरी दूरचित्रवाणीची केबल, ती चित्रांसाठीं घातलेली. आरंभीं टेलिफोनवरून इंटरनेट घेणाऱ्याला पुष्कळ मोकळीक होती. तार टेलिफोन कंपनीची असली, तरी तिच्यावरून तो वाटेल त्या इंटरनेट कंपनीचा क्रमांक फिरवूं शके. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानेंहि टेलिफोन कंपन्यांना आपल्या तारा प्रतिस्पर्ध्यांस भाड्यानें देण्याचें बंधन घातलें. परंतु वेग वाढत गेला तसें पारडें केबलकडे झुकलें. २००२ सालीं मध्यवर्ती दळणवळण आयोगानें केबलवरील इंटरनेट ही ‘माहितीसेवा’ आहे, दळणवळणाची सेवा नव्हे, असें ठरविलें. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें वर्गीकरण मान्य केलें, आणि त्याच वर्षीं टेलिफोन कंपन्यांच्या वेगवान इंटरनेटलाहि तसाच न्याय लावण्यांत आला. शब्दांचा हा भेद दिसावयास लहान, पण परिणामीं फार मोठा. तारेच्या मालकानें आपली तार इतरांस वापरूं द्यावी, हें बंधनच त्यामुळें गळून पडलें. सप्टेंबर २०१४ मध्यें आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष टॉम व्हीलर यांनीं एका जाहीर भाषणांत सांगितलें कीं, दर सेकंदास २५ मेगाबिट वेगाची जोडणी हवी असेल, तर तीन चतुर्थांश अमेरिकन घरांना स्पर्धेंतून निवड करण्याची सोयच नाहीं. ज्या देशांत खुल्या बाजाराचें गुणगान अहोरात्र चालतें, त्या देशांतील ग्राहकाची ही स्थिति.

यावर सरकारनें कांहीं करावें कीं बाजारावर विसंबून राहावें, हा वाद अमेरिकेंत नवा नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत तो विजेविषयीं झाला होता. शहरांतील बहुतेक घरांत त्यावेळीं दिवे लागलेले होते. शेतांवरील घरांपैकीं मात्र दहांतील एखाद्याच घरांत वीज होती. वस्ती विरळ, तार लांब आणि नफा थोडा, म्हणून वीज-कंपन्या तिकडे फिरकत नसत. मे १९३५ मध्यें राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ग्रामीण विद्युतीकरणाचें खातें निर्माण केलें, आणि पुढील वर्षीं त्यास कायद्याचा आधार मिळाला. सरकारनें स्वतः तारा घातल्या नाहींत. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कमी व्याजानें कर्ज दिलें आणि तारा त्यांनींच घातल्या. कंपन्यांना जें परवडत नव्हतें तें शेतकऱ्यांना एकत्र येऊन परवडलें. ज्या कामांत नफा नाहीं तें काम निरुपयोगी असतें असें नाहीं, हा त्या प्रयोगाचा धडा.

त्याच १९३५ सालीं टेनेसी राज्यांतील चॅटनूगा शहरानें आपलें स्वतःचें वीजमंडळ स्थापिलें. ओतशाळांच्या जोरावर हें नदीकाठचें शहर एके काळीं भरभराटलें आणि पुढें त्यांच्याच धुरानें काळवंडलें. १९६९ सालीं देशांतील सर्वांत दूषित हवेचें शहर असा शिक्का त्याच्यावर बसला. अशा शहराच्या वीजमंडळानें पुढें इंटरनेटच्या इतिहासांत मानाचें स्थान मिळवावें, हें नवल खरें. पण तें घडलें अगदीं व्यावहारिक कारणानें. वादळांत झाडें पडून वीज जाई, आणि बिघाड कोठें आहे हें शोधण्यांत तास जात. तारांच्या जाळ्यालाच आपला बिघाड कळावा आणि त्यानें तेवढाच भाग वेगळा करून बाकीच्यांची वीज चालूं ठेवावी, असें मंडळास हवें होतें. त्यासाठीं खांबोखांबीं ऑप्टिकल फायबर न्यावें लागणार होतें. फायबर नेलेंच, तर त्यावरून नागरिकांस इंटरनेट कां देऊं नये, असा विचार पुढें आला.

खासगी केबल कंपन्यांना हें रुचलें नाहीं. दावे लागले, ते टिकले नाहींत. मंडळानें रोखे काढून पैसा उभारला. शिवाय २००९ सालीं मध्यवर्ती सरकारकडून सुमारें ११ कोटि १५ लक्ष डॉलरचें अनुदान मिळालें, त्यामुळें काम झपाट्यानें पुरें झालें. त्याच वर्षीं सेवा सुरू झाली, आणि सप्टेंबर २०१० मध्यें मंडळानें आपल्या सुमारें ६०० चौरस मैलांच्या क्षेत्रांत, खेड्यांसुद्धां, मागेल त्यास एक गिगाबिट वेगाची जोडणी देऊं केली. एवढ्या मोठ्या क्षेत्रांत असा वेग त्यावेळीं अमेरिकेंत अन्यत्र मिळत नव्हता. आरंभीं या जोडणीचा दर महिना ३५० डॉलर होता. २०१३ सालीं तो सुमारें ७० डॉलरवर आला. वीज जाण्याचें प्रमाणहि घटलें. आणि २०२० सालीं, सॅलिनासचें तें छायाचित्र ज्या उन्हाळ्यांत निघालें त्याच उन्हाळ्यांत, चॅटनूगाच्या वीजमंडळानें आणि तेथील शाळाखात्यानें मिळून जिल्ह्यांतील सुमारें २८,००० गरीब विद्यार्थ्यांच्या घरीं विनामूल्य इंटरनेट देण्याची योजना जाहीर केली. तार आधींच दारापर्यंत गेलेली असल्यामुळें ती योजना आंखतां आली. ती मालकी लोकांची असल्यामुळें ती आंखावी असें वाटलें.

मग इतर शहरांनीं हाच मार्ग कां धरला नाहीं ? कित्येकांनीं धरला, परंतु अनेक राज्यांच्या विधिमंडळांनीं मध्यें कुंपणें घातलीं. टेनेसीच्या कायद्याप्रमाणें नगराच्या वीजमंडळाला आपल्या विजेच्या क्षेत्राबाहेर इंटरनेट देतां येत नाहीं. क्षेत्राच्या सीमेवर राहणाऱ्या कुटुंबाला शेजाऱ्याच्या घरांतील गिगाबिट दिसत असे. स्वतःच्या घरीं मात्र धिम्या जोडणीवर भागवावें लागे. नॉर्थ कॅरोलिना राज्यांतील विल्सन शहरानें २००८ सालीं आपली सेवा सुरू केली. २०११ सालीं त्या राज्यानें कायदा करून नगरांच्या हातांत बेड्या घातल्या. अशा कायद्यांमागें खासगी कंपन्यांची खटपट असते हें उघड गुपित होय. तथापि राज्यांच्या बाजूनेंहि एक युक्तिवाद आहे, आणि तो उडवून लावण्याजोगा नाहीं. नगरपालिका कर वसूल करते, रस्ते खणण्याची परवानगी तीच देते. तिनेंच दुकान थाटलें, तर पंच आणि खेळाडू एकच होतात. शिवाय धंदा बुडाला तर भुर्दंड करदात्यांवर पडतो.

हा वाद अखेर न्यायालयांत गेला. चॅटनूगा आणि विल्सन या दोन शहरांच्या अर्जावर २६ फेब्रुवारी २०१५ रोजीं दळणवळण आयोगानें तीन विरुद्ध दोन मतांनीं दोन्ही राज्यांचीं बंधनें रद्द ठरविलीं. परंतु १० ऑगस्ट २०१६ रोजीं सहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयानें आयोगाचा निर्णय फिरविला. नगराची सेवा चांगली कीं वाईट हा प्रश्न त्यानें विचारांत घेतला नाहीं. राज्य आणि त्याचीं नगरें यांच्यामध्यें पडण्याचा स्पष्ट अधिकार संसदेनें आयोगास दिलेला नाहीं, एवढेंच त्यानें म्हटलें. कायद्याच्या भाषेंत एवढेंच. पण पाइनटॉप्सला मात्र त्याची झळ बसली. दीड हजारांहूनहि कमी वस्तीच्या या खेड्याला विल्सननें आयोगाच्या निर्णयाच्या भरंवशावर २०१६ सालीं जोडणी दिली होती. निर्णय फिरतांच, जोडलेली तार तोडण्याची पाळी आली. गांवकऱ्यांनीं आणि विल्सनच्या नगरमंडळानें धांवाधांव केल्यावर २०१७ सालीं राज्याच्या विधिमंडळानें एक अपवाद केला : खासगी कंपनी तितकीच चांगली तार घेऊन येईपर्यंत विल्सननें सेवा चालूं ठेवावी. जें गांव तोंवर कोणत्याहि कंपनीला दिसत नव्हतें, त्याचा हक्क पुढें येणाऱ्या कंपनीसाठीं मात्र राखून ठेवण्यांत आला !

परंतु एका चॅटनूगावरून सर्वच नगरांनीं तारांच्या धंद्यांत उडी घ्यावी, असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. यूटा राज्यांतील प्रोव्हो शहरानेंहि सुमारें ३ कोटि ९० लक्ष डॉलर कर्ज काढून फायबरचें जाळें विणलें. धंद्याचा मेळ बसला नाहीं. २०१३ सालीं तें सारें जाळें गूगल कंपनीला एका डॉलरला देण्यांत आलें, आणि कर्जाचे हप्ते मात्र नागरिकांच्या मासिक बिलांतून चालूच राहिले. दोन्ही शहरांतील फरक लक्षांत घेण्याजोगा आहे. चॅटनूगापाशीं पाऊणशे वर्षांचें वीजमंडळ होतें, त्याचे खांब होते, अनुभवी माणसें होतीं, आणि फायबरचा निम्मा उपयोग विजेसाठींच होता. सरकारी मालकी हा कांहीं मंत्र नव्हे. हिशेब चोख नसेल तर ती खासगी मालकीइतकीच बुडते, आणि बुडतांना अधिक लोकांना बुडविते.

दोन्ही संकटें टाळणारा एक तिसरा मार्ग युरोपांत चोखाळला गेला आहे. स्वीडनच्या राजधानीनें, स्टॉकहोमनें, १९९४ सालीं नगराच्या मालकीची एक कंपनी काढली. ती शहरभर फायबर घालते. पण घरोघर इंटरनेट विकीत नाहीं. ज्या कंपन्यांना विकावयाचें असेल त्यांना ती समान अटींवर तारा भाड्यानें देते. रस्ता नगराचा, गाड्या ज्याच्या त्याच्या. ब्रिटननें २००६ सालीं जुन्या टेलिफोन कंपनीचा तारा सांभाळणारा विभाग वेगळा काढून सर्व विक्रेत्यांना सारखी वागणूक देण्याचें बंधन त्याच्यावर घातलें, त्यामागेंहि हेंच तत्त्व होतें. मक्तेदारी जर तारेंत आहे, तर नियंत्रण तारेवर असावें; आणि स्पर्धा जेथें शक्य आहे तेथें, म्हणजे विक्रीमध्यें, ती मोकळी असावी.

मुंबईच्या उपनगरांतील श्रोत्यांना हा विचार परका वाटूं नये. मुंबई महानगरपालिकेनें ७ ऑगस्ट १९४७ रोजीं शहराची वीज आणि ट्रॅम चालविणारी कंपनी ताब्यांत घेतली. तीच पुढें बेस्ट म्हणून घरोघर ठाऊक झाली. उपनगरांत व्यवस्था निराळी होती. टाटा पॉवर कंपनीला किरकोळ ग्राहकांस वीज विकण्याचा अधिकार आहे, असा निर्णय २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिला. आणि २००९ सालीं राज्याच्या वीज नियामक आयोगानें अशी सोय केली कीं, तार एका कंपनीची राहून वीज दुसऱ्या कंपनीची घेतां यावी. तारेच्या मालकाला तारेचें भाडें द्यावें आणि ग्राहकानें पुरवठादार निवडावा. या भाड्यावरून आणि इतर आकारांवरून पुढें वाद पुष्कळ झाले, हें खरें. तरी एकाच तारेवर दोन विक्रेते नांदूं शकतात, हें लक्षावधि घरांच्या मीटरवर सिद्ध झालें.

भारताचा इंटरनेटचा अनुभव तर मक्तेदारीपासूनच सुरू झाला, आणि ती मक्तेदारी सरकारी होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें. १९९८ सालापर्यंत दुसरा पुरवठादारच नव्हता. महाग दर आणि रडतखडत चालणारी जोडणी यांची आठवण अनेक घरांत अद्याप ताजी असेल. अर्थात् निवड नसणें हेंच दुखणें. मालक सरकार कीं सावकार, हा पुढचा प्रश्न. उलट, ज्या कामीं सरकार नियम करणारें म्हणून उभें राहिलें, तेथें त्याचा उपयोग झाला. ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं भारताच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, कोणतें संकेतस्थळ पाहतां यावरून निराळा दर लावण्यास मनाई केली. अमेरिकेंत याच तत्त्वाची, म्हणजे तारेच्या मालकानें तारेवरून जाणाऱ्या मजकुरांत आपपर भाव ठेवूं नये या नियमाची, मोठी परवड झाली : तो २०१५ मध्यें आला, २०१७ मध्यें रद्द ठरला, एप्रिल २०२४ मध्यें पुन्हां आला, आणि २ जानेवारी २०२५ रोजीं अपील न्यायालयानें तो मोडीत काढला. ज्या घराला एकच पुरवठादार आहे, त्यानें अशा नियमावांचून कोणाकडे दाद मागावी ?

सरकारच्या हातीं आणखी एक साधन असतें, तें पैशाचें. अमेरिकन सरकारनें २०२१ सालच्या अखेरीपासून गरीब कुटुंबांच्या इंटरनेट-बिलास महिना ३० डॉलरपर्यंत मदत देण्याची योजना चालविली. सुमारें २ कोटि ३० लक्ष कुटुंबांनीं तिचा लाभ घेतला. मंजूर रक्कम संपली, संसदेनें नवी दिली नाहीं, आणि २०२४ च्या जून महिन्यांत योजना बंद पडली. घरांतील तार होती तेथेंच राहिली. तिचें बिल भरण्याचें बळ गेलें. तार नसलेल्या भागांत ती नेण्यासाठीं २०२१ च्याच कायद्यानें ४२ अब्ज ४५ कोटि डॉलर निराळे ठेवले. त्यांच्या वाटपाच्या अटी २०२५ मध्यें पुन्हां बदलण्यांत आल्या. या हकीकतीवरून एक गोष्ट दिसते. बिलाला दिलेली मदत दर महिन्यास संपते, आणि स्पर्धा नसेल तर तिचा मोठा वांटा अखेर मक्तेदाराच्याच पेटींत पडतो. तारेला दिलेली मदत मात्र पिढीभर टिकते, जर ती तार सर्वांस खुली ठेवण्याची अट आधींच घातली असेल तर.

तेव्हां सरकारचें कर्तव्य कोणतें ? जेथें दोन-तीन पुरवठादार खरोखर झगडत आहेत, तेथें त्यानें दूर उभें राहून दर आणि वेग यांविषयींची माहिती खरी दिली जाते कीं नाहीं एवढें पाहावें. जेथें तार एकच आहे, तेथें ती इतरांस रास्त भाड्यानें खुली करावी. जेथें तारच नाहीं, तेथें सहकारी संस्थेला, ग्रामसंस्थेला किंवा नगराला ती घालूं द्यावी; निदान कायद्याचें कुंपण घालूं नये. आणि मदत द्यावयाची ती हिशेब मागून द्यावी. यांतील कोणतेंहि काम बाजाराचें वैर करणारें नाहीं. उलट बाजार ज्याच्यावर उभा राहतो तो रस्ता बांधून देणारें आहे.

ग्राहकाचेंहि एक कर्तव्य उरतें. शहरांत निवडीचा पहिला दरवाजा पुष्कळदां घराच्या जिन्यांतच असतो. इमारतीच्या जिन्यांतून कोणाची तार वर जाईल हें ज्यांच्या हातीं असतें, त्यांच्या हातीं साऱ्या बिऱ्हाडांची निवड असते. सोसायटीच्या सभेंत रंगाच्या आणि पाण्याच्या टाकीच्या विषयांवर तासन् तास चर्चा होते. जिन्याची वाट एकाच पुरवठादाराला कां दिली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जो प्रश्न चार मजल्यांच्या सभेंत विचारला जात नाहीं, तो विधिमंडळांत कोणी विचारील ही अपेक्षा व्यर्थ आहे.

सॅलिनासच्या त्या मुलींची हकीकत छायाचित्रामुळें शाळाखात्याच्या कानीं गेली, आणि त्यांच्या कुटुंबाला घरीं इंटरनेटची सोय करून देण्यांत आली. तें योग्यच झालें. परंतु ज्या मुलांचें छायाचित्र कोणी घेतलें नाहीं, त्यांची सोय कोणी करावयाची, हा प्रश्न उरतोच. दया ही ज्याच्यावर नजर पडेल त्याच्यापुरती असते. व्यवस्था ही न दिसणाऱ्यांसाठींहि असावी लागते. घरोघर पाणी आणि दिवा पोहोंचविण्याची व्यवस्था ज्या समाजांनीं मागील शतकांत उभारली, त्यांना घरोघर ही तिसरी तार पोहोंचविणें अशक्य नाहीं. तिचा मालक कोणीहि असो. तिच्या दोन्ही टोंकांना वाट मोकळी असली, म्हणजे झालें.